पॅकेजच्या डोक्यावरची चांदणी

जून महिना, पहिली मेरिट लिस्ट लागल्याचा दुसरा दिवस. मुंबईच्या उपनगरातल्या एका कॉलेजचा तळमजला. ओल्या छत्र्यांचं पाणी फरशीवरून वाहत जिन्याच्या पहिल्या पायरीपाशी साचलेलं, कोपऱ्यात झेरॉक्सच्या मशीनचा तो गरम, कोरडा वास, आणि खिडकीसमोर बीएएमएमसीची, म्हणजे मास मीडियाच्या पदवीची, जुन्या बीएमएमची रांग. रांगेत पन्नाशीचे एक गृहस्थ. काखेत प्लास्टिकचं फोल्डर, त्यात मार्कशीट, टीसी, डोमिसाइल, प्रत्येकाच्या तीन-तीन झेरॉक्स. शेजारी मुलगी, मोबाइलमध्ये. कपाळावरचा चष्मा त्यांनी नाकावर ओढला आणि माहितीपत्रकातल्या एका आकड्यावर बोट ठेवलं. ‘८३% प्लेसमेंट’. आकडा अंगठ्याएवढा, आणि त्याच्या डोक्यावर मुंगीएवढी चांदणी. ‘मॅडम, ही चांदणी कसली हो?’ खिडकीतल्या मॅडम मान वर न करता म्हणाल्या, ‘ते टर्म्स अँड कंडिशन्स असतं काका. एवढं काही नसतं त्यात.’ रांग पुढं सरकली. काका मात्र पानाच्या तळाशी तिची जोडीदार चांदणी शोधत राहिले. ती सापडली. ‘पात्र व इच्छुक विद्यार्थ्यांपैकी.’ ओठ हलवत त्यांनी ते दोनदा वाचलं.

ती चांदणी काही डोक्यातून जात नाही.

पात्र आणि इच्छुक. या दोन चाळण्यांतून किती पोरं खाली पडतात ते एकदा मांडून बघावं. समजा वर्गात ६० जण आहेत. पात्र कोण? ज्याची हजेरी ७५ टक्के भरली, ज्याचा एकही विषय राहिलेला नाही, म्हणजे केटी नाही, ज्याची फी थकलेली नाही आणि ज्यानं प्लेसमेंट सेलचा फॉर्म मुदतीत भरला तो. इच्छुक कोण? एमए करणार म्हणाला की नाव कटलं. स्पर्धा परीक्षा म्हणाला, कटलं. घरच्या फोटो स्टुडिओत बसणार म्हणाला, कटलं. ‘अजून ठरलं नाही’ म्हणणारा तर पहिल्याच फटक्यात बाहेर. उरले २४. त्यांतल्या २० जणांना ऑफर मिळाली. २४ पैकी २०, म्हणजे ८३ टक्के. ६० पैकी २०, म्हणजे ३३ टक्के. कोणीही खोटं बोललेलं नाही. अंश तोच आहे, छेद बदललाय. शाळेत अपूर्णांक शिकवताना गुरुजी छेदावर छडी आपटायचे, ते उगाच नव्हतं. शिवाय ऑफर आणि नोकरी यांतही अंतर असतं. एकाच हुशार मुलीला तीन ऑफर आल्या तर काही ठिकाणी त्या तीन मोजतात, आणि महिन्याभरात सोडून आलेला मुलगा तर कुठल्याच यादीत परत येत नाही.

मग पगाराचा आकडा. तिथं तीन शब्द फिरत असतात: सर्वोच्च, सरासरी आणि मध्यक. माहितीपत्रकात पहिले दोन असतात, उपयोगाचा तिसरा. त्याच २० जणांचं उदाहरण घेऊ. एकाला वर्षाला १४ लाख मिळाले, तिघांना ५ लाख, उरलेल्या १६ जणांना २ लाख ४० हजार. सर्वोच्च पॅकेज १४ लाख, ते फ्लेक्सवर जाणार, मुलाच्या फोटोसकट. सरासरी निघते ३ लाख ३७ हजार, ती पत्रकात जाणार. पण वीस जणांना पगाराप्रमाणे ओळीत उभं केलं आणि मधल्याचा खिसा तपासला तर निघतात २ लाख ४० हजार. बहुतेक पोरं त्या मधल्याच्याच आसपास उभी असतात. त्यामुळं प्रवेशाच्या खिडकीवर विचारायचा प्रश्न एवढाच: ‘मध्यक किती, आणि वर्गातल्या एकूण मुलांपैकी किती जणांचा आकडा धरून?’ हा प्रश्न विचारला की बहुतेक ठिकाणी आतल्या खोलीतून कोणालातरी बोलवावं लागतं.

खर्चाच्या बाजूला चांदणी नसते, कारण पैसे घ्यायचे असतात. तरी तिथंही छापलेला आकडा म्हणजे पूर्ण खर्च नव्हे. आपल्याकडची पहिली गंमत म्हणजे अनुदानित कॉलेजातसुद्धा हा कोर्स विनाअनुदानित असतो. इमारत तीच, जिना तोच, पाण्याची टाकीही तीच, पण शेजारच्या वर्गातल्या बीएच्या पोरांची फी साधारण ५-७ हजारांत भागते आणि इकडं २५-३० हजारांपासून सुरुवात होते. कॉलेजचं नाव मोठं असेल तर त्याच्या दुप्पट-तिप्पट. खासगी विद्यापीठांत तोच शिक्का वर्षाला २ ते ४ लाखांना पडतो, आणि पदवीनंतरचे व्यवस्थापनाच्या वळणाचे कम्युनिकेशनचे कोर्स १५-२० लाखांच्या घरात जातात. दुसऱ्या टोकाला सरकारी विद्यापीठांचे विभाग. पुण्याचं रानडे इन्स्टिट्यूट, म्हणजे पुणे विद्यापीठाचा पत्रकारिता विभाग, कालिन्यातला मुंबई विद्यापीठाचा विभाग, कोल्हापूरचा शिवाजी विद्यापीठाचा. इथलं दोन वर्षांचं शिक्षण बहुधा लाखाच्या आत बसतं. नोकरी करता करता शिकायचं असेल तर नाशिकचं मुक्त विद्यापीठ आहेच. म्हणजे एकाच शब्दाला, ‘मास कॉम’ला, बाजारात ५० हजारही भाव आहे आणि २० लाखही. भाजीत एवढा फरक असता तर आपण पाटीवालीशी भांडलो असतो.

न छापलेले खर्च हळूहळू वर येतात. दुसऱ्या वर्षी ‘आयव्ही’ निघते, इंडस्ट्रियल व्हिजिट, तिच्यात इंडस्ट्री एक दिवस आणि मनाली चार दिवस. फेस्टची वर्गणी. शॉर्टफिल्म करायची तर कॅमेरा दिवसाच्या भाड्यानं, लेन्स वेगळी, लाइट वेगळे, आणि पाऊस पडला की तो दिवस गेला, भाडं मात्र द्यायचं. लॅपटॉप घेताना दुकानदार ८ जीबी रॅमवर भागेल म्हणतो. एचडी फुटेजच्या दोन ट्रॅकपर्यंत भागतं, फोर-के आलं की टाइमलाइन अडखळते, आणि शेवटी १६ जीबीचा दुसरा घ्यावा लागतो. पहिल्याच वेळी १६ घेतलेला स्वस्त पडतो. एडिटिंगचं सॉफ्टवेअर मात्र विकत घ्यायची गरज नाही. दाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती विद्यार्थ्याच्या बहुतेक कामाला पुरते. कमी पैशांत फरक पाडणारी गोष्ट एकच, कॉलरला लावायचा माइक. चित्र थोडं हललेलं लोक चालवून घेतात. आवाजात पंख्याची घरघर आली की लगेच पुढं सरकतात.

पुण्यात शिकायला आलेल्यांसाठी फीपेक्षा मोठा खर्च म्हणजे कॉट. सदाशिव पेठेत, नारायण पेठेत, डेक्कनच्या मागच्या गल्ल्यांत ‘कॉट बेसिस’ची पाटी लटकलेली असते. एका खोलीत चार लोखंडी कॉट, प्रत्येकाला एक भिंतीतलं कपाट, त्याचं कुलूप आपलं. उशीपाशी मोबाइल चार्जिंगला, उशाखाली पाकीट. महिन्याला कॉट, मेस आणि चहा-वडापाव मिळून १० ते १२ हजार कुठं गेले कळत नाही. दोन वर्षांचे ते २ लाख ४० हजार ते २ लाख ८८ हजार होतात. म्हणजे विद्यापीठाच्या विभागातल्या मुलाची फी लाखाच्या आत आणि राहणं-खाणं त्याच्या दुपटीहून जास्त. मग छत्रपती संभाजीनगर, कोल्हापूर नाहीतर अमरावतीत घर असलेल्यानं पुण्याला जायचंच का, हा प्रश्न घरोघरी जेवणाच्या ताटावर येतो. अमरावतीत तर आयआयएमसीचं, म्हणजे दिल्लीच्या सरकारी जनसंचार संस्थेचं केंद्रच आहे आणि तिथं मराठी पत्रकारितेची पदव्युत्तर पदविका मिळते. उत्तर सोपं नाही. पुण्या-मुंबईत कॉट विकत घेताना आपण खरं तर कार्यालयांपासूनचं कमी अंतर विकत घेत असतो. सकाळी लेक्चर, दुपारी डेस्कवर इंटर्नशिप, हे अंतर कमी असेल तरच जमतं.

पैसे नसतील तर कर्ज. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला सरकारी बँका तारण मागत नाहीत, त्याच्या वर गेलं की बहुधा मागतात. इथं गावाकडच्या बापाची पहिली ठेच. पाच एकर जमीन आहे, सातबारा कोरा आहे, तरी बँक मान हलवत नाही, कारण थकलेल्या कर्जाचं तारण बँकेला जप्त करू देणाऱ्या सरफेसी कायद्याखाली शेतजमिनीवर हात घालता येत नाही. त्यांना फ्लॅट हवा, नाहीतर बिगरशेती, म्हणजे एनए प्लॉट. समजा सगळं जुळलं आणि दोन वर्षांच्या कोर्ससाठी १० लाख मिळाले, दरवर्षी ५ लाख, व्याज साडेदहा टक्के. कोर्सची दोन वर्षं आणि त्यापुढचं एक वर्ष हप्ता नाही, पण व्याज चालूच. पहिल्या ५ लाखांवर तीन वर्षांचं १ लाख ५७ हजार ५००, दुसऱ्या ५ लाखांवर दोन वर्षांचं १ लाख ५ हजार. म्हणजे हप्ता सुरू होईल त्या दिवशी देणं १२ लाख ६२ हजार ५००. दहा वर्षांत फेडायचं तर महिन्याला १७ हजारांच्या थोडं वर. व्याजावर ८०-ई खाली आयकरात सवलत मिळते, असं बँकेतला साहेब हमखास सांगतो. ती जुन्या करप्रणालीतच मिळते, आणि मुळात जिला २२ हजार पगार मिळणार तिला कर कुठं लागतोय? मोफत छत्री, तीही उन्हाळ्यात. कोर्स चालू असतानाच बापाला दरमहा निव्वळ व्याज भरणं जमलं तर मात्र ते अडीच लाखांचं ओझं मुद्दलात चढत नाही. हे फॉर्मवर बारीक अक्षरात असतं, सांगत कोणी नाही.

आता त्या २२ हजारांकडं येऊ. ऑफर लेटरवर लिहिलेलं असतं ३ लाख ६० हजार, सीटीसी, म्हणजे कंपनीचा तिच्यावरचा वर्षाचा सगळा खर्च. घरी पेढे वाटताना बारानं भागून ३० हजार सांगितलं जातं. मूळ वेतन १५ हजार धरलं तर मालकाच्या वाट्याचा पीएफ १,८०० या ३० हजारांतूनच गेलेला असतो. ग्रॅच्युइटीचे ७२१ रुपये, जे बहुधा पाच वर्षं टिकली तरच हातात पडणार, तेही यातच. १० टक्के ‘व्हेरिएबल’ म्हणजे ३ हजार, कंपनीला वाटलं तर वर्षाअखेर. उरले २४,४७९. त्यातून तिच्या स्वतःच्या वाट्याचा पीएफ १,८००. मुलगा असेल तर व्यवसाय कराचे २०० आणखी, मुलींना २५ हजारांपर्यंत तो माफ आहे. खात्यात पडतात साडेबावीस हजारांच्या आसपास. यातून १७ हजारांचा हप्ता गेला की साडेपाच हजारांत मुंबईत राहून दाखवायचं.

एवढं गणित लग्नाच्या याद्या करताना आपण बोटांवर करतो.

मराठी बातमीच्या धंद्यात सुरुवातीचा पगार साधारण १५ ते २५ हजारांत असतो. तालुक्याच्या वार्ताहराला तर मानधन म्हणायचं, बातमीगणिक किंवा महिन्याचं ठोक, आणि दिवाळी आली की पुरवणीच्या जाहिरातींचं टार्गेट. कमिशन बातमीपेक्षा जास्त निघतं, म्हणून कारखान्याच्या चेअरमनविरुद्धची बातमी ऑक्टोबरात लिहायची का डिसेंबरात, हे त्याला कोणत्याही वर्गात शिकवलेलं नसतं. मजिठिया वेतन मंडळाची शिफारस २०११मध्ये लागू झाली, सर्वोच्च न्यायालयानं ७ फेब्रुवारी २०१४ला ती कायम केली. तोवर बहुतेक नव्या नेमणुका कंत्राटावर गेल्या होत्या, आणि वृत्तवाहिन्या तर त्या शिफारशींत नव्हत्याच. त्यामुळं या दारात उभं असताना फीचा फरक पगारात उतरत नाही. मराठी डेस्कवर ४० हजारांची पदवी घेऊन आलेला आणि ६ लाखांचा डिप्लोमा घेऊन आलेला शेजारी-शेजारी बसतात, त्याच पगारावर. निवड पदवीवर होतच नाही. होते ती अर्ध्या तासाच्या परीक्षेवर.

ती परीक्षा जवळून बघण्यासारखी असते. एक कागद देतात, त्यावर वृत्तसंस्थेची इंग्रजी बातमी, दोनशे-अडीचशे शब्द. मराठीत करा, मथळा द्या, वेळ ३० मिनिटं. समजा बातमी खडकवासल्याच्या विसर्गाची आहे. दहातली सात पोरं लिहितात: ‘पाटबंधारे विभागाद्वारे जारी करण्यात आलेल्या इशाऱ्यानुसार खडकवासला धरणातून १०,००० क्युसेक प्रति सेकंद इतके पाणी मुठा नदीपात्रात सोडण्यात येणार असल्याचे अधिकाऱ्यांकडून सांगण्यात आले असून नागरिकांना सतर्क राहण्याचे आवाहन करण्यात आले आहे.’ श्वास संपतो आणि नेमकं काय करायचं ते कळत नाही. तपासणारा उपसंपादक पहिली लाल रेघ ‘प्रति सेकंद’वर मारतो. क्युसेक म्हणजेच सेकंदाला एक घनफूट, साधारण २८.३ लिटर. ‘क्युसेक प्रति सेकंद’ म्हणणं म्हणजे ‘ताशी किलोमीटर दर तासाला’ म्हणणं. दुसरी रेघ ‘द्वारे’वर. तिसरी ‘करण्यात आलेल्या’वर. उरलेल्या तिघांतला एखादा लिहितो: ‘खडकवासल्यातून दुपारी १० हजार क्युसेक पाणी सोडणार. मुठेकाठच्या रहिवाशांनी नदीपात्रातली वाहनं आणि जनावरं सकाळीच हलवावीत.’ इथं परीक्षा संपते. बाकीचा कागद कोणी फारसा वाचत नाही.

आकड्यांत तर रोज कोणी ना कोणी पाय घसरून पडतं. मिलियन म्हणजे १० लाख, बिलियन म्हणजे १०० कोटी, हे पाठ असूनही दीड बिलियनचे ‘दीड कोटी’ होतात आणि सकाळी फोन येतात. टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट, हा साठा, क्युसेक हा वेग, आणि धरण ‘१०० टक्के भरलं’ म्हणजे उपयुक्त साठा भरला. मग टायपिंग. तीन वर्षं शिकून आलेल्या पोराला मोबाइलवर इंग्रजी अक्षरांतून मराठी उमटवता येतं, पण इन्स्क्रिप्ट या मराठी कीबोर्डवर बोटं चालत नाहीत. पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये अजून कुठं कुठं जुनेच फॉन्ट आहेत, युनिकोडमधला मजकूर कन्व्हर्टरमधून काढला की रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो, ‘ऱ्या’चा चुरा होतो, आणि रात्री साडेअकराला पान सोडायच्या घाईत तो कोणाच्या डोळ्याला दिसत नाही. इन्स्क्रिप्ट शिकायला रोज अर्धा तास दिला तर दीड-दोन महिने लागतात आणि पैसे शून्य. २० लाखांच्या कोर्सच्या अभ्यासक्रमातही ते सहसा नसतं, ५० हजारांच्यातही नसतं. या बाबतीत मात्र समानता आहे.

महागडा कोर्स सगळीकडंच वाया जातो असं म्हणणं लबाडीचं होईल. जाहिरात एजन्सीचं क्लायंट सर्व्हिसिंग, कंपन्यांचा ब्रँड विभाग, मीडिया प्लॅनिंग, मोठ्या पीआर संस्था, इथं भरती कॅम्पसवर होते आणि ठरलेल्या पाच-सात कॅम्पसांवरच होते. एजन्सीची माणसं दरवर्षी त्याच गेटातून आत जातात, कारण मागच्या वर्षीची त्यांची ट्रेनी तिथलीच आहे आणि तिच्या आधीची तिची बॉसही तिथलीच. तिथल्या १५ लाखांत निम्म्याहून जास्त पैसे त्या गेटाचे असतात. शिकवणं चांगलं असेलही, पण विकलं जातं ते माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॅप ग्रुपचं सदस्यत्व. ज्याला इंग्रजीत प्रेझेंटेशन देऊन साबणाचा बाजार समजावून सांगण्यात रस आहे, त्यानं हे पैसे टाकावेत, हिशेब बसतो. ज्याला जिल्हा परिषदेच्या टेंडरमागं जायचंय त्यानं या गेटाचे पैसे देऊ नयेत, कारण त्याचं गेट वेगळं आहे. घोळ होतो तो पहिल्याची फी भरून दुसऱ्याच्या दारात जाणाऱ्यांचा, आणि तीच पोरं सगळ्यांत जास्त असतात. सतराव्या वर्षी यातलं आपल्याला काय आवडतं हे कोणाला माहीत असतं? अशा वेळी स्वस्तातली चूक परवडते. बीएएमएमसीच्या तिसऱ्या वर्षी जाहिरात की पत्रकारिता हे निवडावं लागतं, तोवर दोन वर्षं हाताशी असतात. महागाच्या दारात शिरायचंच असेल तर त्यानंतर शिरावं.

मधल्या मध्ये एक वर्षाचे, सहा महिन्यांचे खासगी डिप्लोमा आहेत. स्टुडिओ झगझगीत, काचेमागं पीसीआर, म्हणजे प्रक्षेपणाची कंट्रोल रूम, पहिल्याच दिवशी अँकरच्या खुर्चीत बसवून फोटो. यांची पारख करायला अभ्यासक्रम वाचत बसायची गरज नाही, फीची पावती मागावी. पावतीवर १८ टक्के जीएसटीची ओळ असेल तर समजावं की कायद्यानं मान्य पात्रतेसाठीचा हा कोर्स नव्हे. मान्य शिक्षणावर तो कर लागत नाही. दीड लाखाच्या फीवर २७ हजार त्याचेच. असा कोर्स करून नोकरी मिळतही असेल, कॅमेऱ्यापुढची भीती तर नक्की मोडते. पण पुढं कधी कॉलेजात शिकवावंसं वाटलं तर नेट किंवा सेट ही प्राध्यापकीची पात्रता परीक्षा लागते आणि तिला पदव्युत्तर पदवी लागते, खुल्या गटात ५५ टक्क्यांसह. डिप्लोमा तिथं चालत नाही. जिल्हा माहिती कार्यालयासारख्या सरकारी जागांच्या जाहिरातीतही पत्रकारितेच्या पात्रतेच्या पुढं ‘मान्यताप्राप्त’ हा शब्द असतो. तिशीत गेल्यावर, चॅनेलच्या रात्रपाळीला शरीर कंटाळल्यावर, हे दोन रस्ते एकदम आठवतात. तेव्हा कपाटातला झगझगीत डिप्लोमा बाहेर काढून लोक उगाच दोन्ही बाजूंनी बघतात.

कोर्सपेक्षा जास्त फरक इंटर्नशिपनं पडतो हे सगळे म्हणतात, पण ती कशी मोजायची ते सांगत नाहीत. नव्या शैक्षणिक धोरणात ती अभ्यासक्रमात आली, चार क्रेडिट, साधारण १२० तास. १२० तास म्हणजे रोज सहा तासांचे वीस दिवस. वीस दिवसांत डेस्कवर चहावाल्याचं नाव कळतं आणि लॉगिन मिळेपर्यंत निरोप समारंभ होतो. काम कळायला तीन महिने लागतात, ते बहुधा बिनपगारी. म्हणजे तिकीट, डबा, घरचं छप्पर ज्याच्याकडं आहे त्यालाच ती जमते. डोंबिवलीच्या मुलीला जमते, जतच्या मुलीला जमत नाही, आणि नंतर दोघींच्या बायोडाटात फरक दिसला की त्याला आपण गुणवत्ता म्हणतो. घेताना तीन गोष्टी विचाराव्यात: कोणत्या डेस्कवर, लिहिलेल्यावर नाव येणार का, आणि रोज किती कॉपी. ‘सोशल मीडियाला मदत’ असं मोघम उत्तर आलं तर रील डाउनलोड करून तिचा वॉटरमार्क झाकण्याचं काम समजावं. आणि जे छापून येईल त्याचं कात्रण तारीख आणि आवृत्तीसकट त्याच दिवशी जपावं, वेबवरच्या बातमीची पीडीएफ काढून ठेवावी. साइट नवी झाली की जुन्या लिंका मरतात, ‘टीम ऑनलाइन’ या नावाखाली तीन महिन्यांचं काम विरघळून जातं, आणि मुलाखतीत ‘लिंक उघडत नाहीये सर’ म्हणायची वेळ येते.

तुलना करायला आकडे कुठं मिळतात? अमेरिकेत सरकारच्या कॉलेज स्कोअरकार्डवर कॉलेज आणि विषय निवडला की त्या कोर्सच्या पदवीधरांची मध्यक कमाई आणि मध्यक कर्ज शेजारी-शेजारी दिसतं. सरकारी मदत घेतलेल्यांपुरतंच ते असतं, पण विषयवार असतं. तिकडं जायचं ठरवणाऱ्या आपल्या पोरांनी आणखी एक गोष्ट बघावी. नुसत्या पत्रकारितेच्या पदवीला स्टेममध्ये, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञानाच्या यादीत धरत नाहीत, त्यामुळं शिक्षणानंतर कामाची मुभा एक वर्षाची. डिजिटल मीडियाच्या काही कोर्सांना तीन वर्षं मिळू शकतात, फरक कोर्सच्या कोड नंबरचा असतो. आपल्याकडं एनआयआरएफमध्ये, म्हणजे केंद्र सरकारच्या शिक्षणसंस्थांच्या क्रमवारीत, इंजिनिअरिंगची, कायद्याची, अगदी दंतवैद्यकाचीही यादी आहे, मीडियाची नाही. पत्रकातलं ‘टॉप टेन’ कोणत्यातरी साप्ताहिकाच्या क्रमवारीतलं असतं, आणि मागच्या पानावर त्याच कॉलेजाची जाहिरात असते. तरी एनआयआरएफचा एक उपयोग आहे. त्यात भाग घेणाऱ्या संस्थेला आपला तपशील जाहीर करावा लागतो. त्यात प्लेसमेंटचा तक्ता असतो: किती मुलं घेतली, किती वेळेत पास झाली, किती लागली, मध्यक पगार किती, पुढं शिकायला किती गेली. छेद तिथं उघडा पडलेला असतो. अडचण एवढीच की तो आकडा सगळ्या संस्थेचा, त्यात कॉम्प्युटरवालेही येतात. मग मीडियाचा वेगळा आकडा विभागातच मागावा लागतो. किंवा त्याहून बरं, दोन वर्षांपूर्वीच्या बॅचचा ग्रुप फोटो शोधावा आणि त्यातल्या दहा जणांची नावं लिंक्डइनवर टाकावी. अर्धा तास लागतो. कोणी इन्शुरन्समध्ये दिसतं, कोणी ‘कंटेंट स्ट्रॅटेजिस्ट’, कोणी ‘ओपन टू वर्क’. एखादी पोरगी खरंच बातमीत असते.

त्या दिवशी दुपारी पाऊस उघडला. कॉलेजच्या गेटाबाहेर वडापावच्या गाडीपाशी ते दोघं उभे होते, फोल्डर बापाच्या काखेत तसंच, मुलीच्या हातात लसणाची चटणी सांडलेला कागद. त्यांनी माहितीपत्रक उघडून गाडीच्या पत्र्यावर पसरलं, कोरडी जागा बघून. खिशातलं पेन काढलं. ‘वर्गात मुलं किती गं?’ ‘साठ. का?’ त्यांनी ८३ टक्क्यांच्या शेजारी ६० लिहिलं, आणि त्याखाली रेघ मारायला लागले.

‘बाबा, त्याच्यावर नका ना लिहू,’ मुलगी म्हणाली, ‘मागच्या बाजूला फॉर्म आहे.’